सोलापूरच्या डॉक्टरचं थडगं

चीनमध्ये एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात छिंगमिंग हा सण येतो. त्या दिवशी लोक पूर्वजांच्या थडग्यांवरचं गवत उपटतात, जागा झाडतात, फुलं ठेवतात. आपल्या पितृपक्षाचा भाऊच म्हणा. फक्त पान वाढण्याऐवजी हातात झाडू. हपै प्रांतातल्या शिच्याच्वांग शहरातल्या हुतात्मा स्मशानभूमीत त्या दिवशी एका सोलापूरकरालाही फुलं वाहिली जातात.

डॉ. द्वारकानाथ कोटणीस. जन्म सोलापूरचा, १९१० सालचा. जपानने चीनवर आक्रमण केल्यावर १९३८ मध्ये काँग्रेसने पाच डॉक्टरांचं पथक धाडलं. त्यात नागपूरचे डॉ. चोळकरही होते. बाकीचे चौघे यथावकाश परतले, कोटणीस राहिले. चिनी कम्युनिस्टांच्या आठव्या मार्ग सेनेत त्यांनी शस्त्रक्रिया केल्या, १९४१ मध्ये बेथून रुग्णालयाचे प्रमुख झाले, चिनी परिचारिका क्वो छिंगलान यांच्याशी लग्न केलं. मुलाचं नाव यिनह्वा: ‘यिन’ म्हणजे भारत, ‘ह्वा’ म्हणजे चीन. मूल जेमतेम साडेतीन महिन्यांचं असताना, ९ डिसेंबर १९४२ रोजी, अपस्माराच्या झटक्यांनी बाप गेला. वय ३२.

आधी दफन एका खेड्यात झालं. पुढे ते शिच्याच्वांगला विसावले. ज्यांच्या नावाचं ते रुग्णालय, त्या कॅनडाच्या डॉ. नॉर्मन बेथून यांचीही कबर त्याच आवारात आहे.

आपल्याकडे कोटणीस ठाऊक झाले ते व्ही. शांताराम यांच्या १९४६ च्या चित्रपटामुळे. सोलापुरात भैय्या चौकाजवळचं त्यांचं घर आता स्मारक आहे. कधी गेलात, तर थोडा वेळ काढून आत डोकावा.