ऑफिससमोरचा 'पाम'

सोसायटीचा ताबा मिळाला त्या दिवशी बिल्डरने आपल्याला तीन झाडं दिली. गेटच्या दोन बाजूंना दोन रॉयल पाम आणि ऑफिसच्या दारात, सिमेंटच्या कुंडीत, वीतभर बुंध्याचा एक 'छोटा पाम'. तेव्हा घोडबंदर रोडपासून कल्याण-डोंबिवलीपर्यंत नव्या बिल्डिंगच्या गेटवर पाम हवाच असे. तीन फुटांच्या पट्टीत मावतो, फांद्या फुटून कोणाच्या खिडकीत शिरत नाही. बिल्डरला आणखी काय हवं! त्याआधी इथे भातखाचरं होती आणि बांधावर ताड, शिंदी. घरचे पाम गेले आणि क्युबातले आले, पण तो विषय वेगळा.

मला लिहायचंय ते कुंडीतल्या झाडाबद्दल, कारण मुळात तो पामच नाही. तो सायकस, मूळचा दक्षिण जपानचा. नर्सरीवाले 'सॅगो पाम' म्हणतात खरे, पण नारळ-सुपारीपेक्षा त्याचं नातं पाइन-देवदाराशी जवळचं. याला फूल येत नाही. नर झाडाला शंकू येतो, मादी झाडाला उघड्या बिया. डायनोसॉर होते तेव्हाही या गटातली झाडं पृथ्वीवर होती. बुंधा वर्षाला जेमतेम एक-दोन बोटं चढतो.

लंडनच्या क्यू बागेत याचा एक आफ्रिकन भाऊबंद आहे. फ्रान्सिस मॅसनने तो 1775 साली दक्षिण आफ्रिकेहून नेला. तिथल्या थंडीत उघड्यावर टिकणार नाही म्हणून काचघरात, कुंडीतच वाढवला. अजून जिवंत आहे. इतक्या वर्षांत त्याला शंकू आला तो एकदाच, 1819 मध्ये, आणि तो बघायला सर जोसेफ बँक्स मुद्दाम आले होते.

आपल्या झाडाला काचघर लागलं नाही. 26 जुलै 2005 ला ऑफिसात कमरेएवढं पाणी शिरलं. मिनिट बुक, शेअर सर्टिफिकेटच्या फायली, सगळ्यांचा लगदा झाला. कुंडी रात्रभर पाण्याखाली होती. दुसऱ्या दिवशी वॉचमनने पाइपने पानांवरचा चिखल धुतला आणि झाड काही झालंच नाही अशा थाटात उभं! एरवी त्याला त्रास एकच. नवी पानं झुबक्याने एकदम येतात, तेव्हा मुंग्या दिसल्या की ओळखायचं, निळ्या फुलपाखराच्या अळ्या लागल्यात. दोन-तीन दिवसांत कोवळी पानं साफ.

2014 च्या एप्रिलमध्ये आपल्या झाडाला शंकू आला. हातभर लांब, पिवळसर. मुलं म्हणाली, अननस! संध्याकाळी तिन्ही विंगमधली माणसं खाली उतरली. मेंटेनन्स थकवणारेसुद्धा ऑफिसकडे फिरकले.

पुढचं लिहावं की नाही, याचा मी बराच विचार केला. मी तेव्हा सेक्रेटरी होतो. त्याच पावसाळ्यात बुंध्याला फुटलेली पिल्लं माळ्याकडून काढून घेतली, प्रत्येक विंगला एक लावू म्हणून. ती दोन दिवस जिन्याखाली तशीच पडली होती. ब विंगमधल्या काकांच्या शेरूने त्यातलं एक चावून खाल्लं. रात्री उलट्या सुरू झाल्या. डॉक्टर म्हणाले, लिव्हर गेलंय. चौथ्या दिवशी शेरू गेला. सायकसचा प्रत्येक भाग विषारी असतो, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

वार्षिक सभेत झाड काढून टाकायचा ठराव आला. लहान मुलं खेळतात तिथे हे नको, असं बहुतेकांचं म्हणणं, आणि ते चुकीचं नव्हतं. मी मान खाली घालून बसलो होतो. तेवढ्यात काका उठले. म्हणाले, "झाडाला काय कळतंय? सेक्रेटरींनी आधी विचारायला हवं होतं. झाड राहू द्या, पण जाळी लावा."

ठराव बदलून एकमताने मंजूर झाला. जाळीचे पैसे मी दिले, त्यामुळे त्या वर्षीच्या जमाखर्चात ते कुठे सापडणार नाहीत.