ग्रीसचा धूर आणि डोंगरातली सायकल

पंधरा-वीस वर्षांच्या खंडानंतर डोंगरातल्या सायकलिंगकडे परतणारा माणूस दुकानात शिरतो आणि गोंधळून जातो. चाके मोठी झालेली असतात, हँडलवरची कळ दाबताच सीट खाली जाते, ब्रेकच्या नळीत तेल असते आणि टायरमध्ये ट्यूब नसते. यातले गरजेचे काय आणि हौसेचे काय? या प्रश्नाचे बरेचसे उत्तर कॅलिफोर्नियातल्या एका कच्च्या उतारावर मिळते. त्या उताराची ही हकिकत. #थ्रेड

सान फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला, गोल्डन गेट पुलापलीकडे मरीन परगणा आहे. माउंट टॅमलपायस हा तिथला डोंगर. वणवे विझवणाऱ्या गाड्यांसाठी या भागातील डोंगरउतारांवर कच्चे रस्ते काढलेले होते. १९७० च्या दशकात काही तरुणांना या रस्त्यांचे वेड लागले. त्यांतले कित्येक जण डांबरी रस्त्यावरच्या शर्यतींत मुरलेले सायकलपटू होते. परंतु शर्यतीच्या सायकलीचे अंगठ्याएवढे टायर या दगडधोंड्यांत टिकणारे नव्हते.

म्हणून त्यांनी भंगाराचा आश्रय घेतला. अमेरिकेतील श्विन कंपनीने १९३३ मध्ये मुलांच्या सायकलींसाठी फुगीर टायर आणला होता. त्याचा व्यास २६ इंच आणि रुंदी दोन इंचांहून थोडी अधिक. पोरे सायकल फुटपाथावरून खाली उडवतात, पावसात टाकून देतात, मित्राला पुढे बसवतात, हे ध्यानात घेऊनच ती यंत्रे जाडजूड बनवलेली होती. चाळीस वर्षांनी ती अडगळीत कवडीमोलाने मिळत. मडगार्ड, कॅरियर, शोभेची टाकी असे सारे काढून टाकले की उरे तो ‘क्लंकर’, म्हणजे आपल्या भाषेत खटारा. एवढे सोलूनही त्याचे वजन वीस किलोच्या आसपास भरे.

खटाऱ्याचे मर्म त्याच्या ब्रेकमध्ये होते. आपल्याकडच्या काळ्या दांडीच्या सायकलीला हँडलपासून सळया घेतलेले ब्रेक असत. या अमेरिकन सायकलींचा ब्रेक मागच्या चाकाच्या हबमध्ये दडलेला असे. पेडल उलटे दाबले की तो लागे. सपाट गल्लीत ही सोय उत्तमच. परंतु लांब, तीव्र उतारावर सायकल आणि स्वार यांचा सगळा वेग मुठीएवढ्या त्या हबमध्ये उष्णता होऊन साठे. आतले ग्रीस वितळे, जळे, त्याचा धूर निघे. खाली पोहोचल्यावर हब उघडून त्यात पुन्हा ग्रीस भरावे लागे.

पुन्हा भरणे म्हणजे इंग्रजीत ‘रिपॅक’. फेअरफॅक्स गावाजवळच्या ज्या रस्त्यावर हे हमखास घडे, त्याला तेच नाव पडले. सुमारे दोन मैलांत साधारण १३०० फुटांचा उतार, वळणावळणांवर सुटी खडी आणि पावसाने कोरलेल्या घळी. एखाद्या वाटेचे नाव तिथे नासणाऱ्या यंत्रभागावरून पडावे, हे नामकरणाच्या इतिहासात विरळाच.

सर्वांत वेगवान कोण, यावरचे वाद मिटवण्यासाठी २१ ऑक्टोबर १९७६ रोजी रिपॅकवर पहिली शर्यत झाली. आयोजक होता चार्ली केली. स्वार ठरावीक अंतराने एकेकटे सुटत आणि घड्याळ निकाल देई. पहिल्या शर्यतीत ॲलन बाँड्स जिंकला. पुढे गॅरी फिशरने ४ मिनिटे २२ सेकंदांचा विक्रम केला. त्याच्यामागे जो ब्रीझ अवघ्या दोन सेकंदांनी होता. वेंडी क्रॅग या छायाचित्रकार स्वतः या टोळीतल्या स्वार होत्या. त्यांच्या छायाचित्रांत त्या दिवसांचा पोशाख दिसतो: जीन्सची विजार, कामगारांचे जाड बूट, कातडी हातमोजे. बहुतेकांची डोकी उघडी. बेल कंपनीचे थर्माकोलच्या जातीच्या फेसाचे सायकल हेल्मेट १९७५ मध्येच बाजारात आले होते, पण या मंडळींच्या डोक्यावर ते अजून चढलेले नव्हते. हातमोजे मात्र पहिल्यापासून होते. पडताना माणूस हात टेकवतो, आणि सोललेल्या तळव्याने हँडल धरवत नाही. आजही ज्याची पिशवी रिकामी आहे त्याने हेल्मेटनंतर आधी हातमोजे घ्यावेत, हे याच छायाचित्रांवरून पटते.

उतार झाला, चढाचे काय? एक गियर आणि वीस किलोंचे लोखंड घेऊन वर जायचे तर सायकल ढकलावी लागे, नाहीतर कुणाच्या ट्रकमध्ये टाकावी लागे. डिसेंबर १९७४ मध्ये मरीनमधल्या एका सायक्लोक्रॉस शर्यतीला दक्षिणेकडील कूपर्टिनो गावचे काही तरुण आले. त्यांची टोळी ‘मॉरो डर्ट क्लब’ म्हणून ओळखली जाई, आणि मॉरो हे पेडल-ब्रेकच्या हबचेच एक नाव. त्यांच्या खटाऱ्यांना चक्क डिरेलर, म्हणजे साखळी एका दातेरी चक्रावरून दुसरीवर सरकवणारे गियर होते. मरीनमध्ये लवकरच फिशरनेही आपल्या जुन्या श्विनला गियर बसवले.

येथे एक गुंता होता. डिरेलरची साखळी खालच्या बाजूने सैल असते, त्यामुळे उलटे पेडल मारून ब्रेक लावणे शक्य राहत नाही. गियर हवे तर तो ब्रेक सोडणे भाग. फिशरने दोघांच्या सायकलीचे ड्रम ब्रेक लावले, ते ओढायला मोटरसायकलीचे लांब लिव्हर घेतले. ग्रीसच्या धुराची कटकट अशी दुसऱ्याच गरजेपोटी संपली. डोंगरसायकलीची घडण अशीच आहे: एक भाग बदलला की त्याने शेजारच्या भागाला बदलायला भाग पाडले.

मग सांगाडेच दगा देऊ लागले. जुन्या श्विनचे तुटणे नित्याचे झाले आणि भंगारातला साठाही आटत चालला. जो ब्रीझला सांगाडे बनवण्याची विद्या अवगत होती. त्याने १९७७ मध्ये क्रोम-मॉलिब्डेनम पोलादाच्या नळ्यांचा नवा सांगाडा घडवला आणि १९७८ पर्यंत अशा दहा सायकली सिद्ध केल्या. यातली पहिली ‘ब्रीझर’ आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयाकडे आहे. १९७९ मध्ये टॉम रिची याने बनवलेले सांगाडे विकण्यासाठी केली आणि फिशर यांनी ‘माउंटनबाइक्स’ नावाची कंपनी काढली. नावाची व्यापारचिन्ह म्हणून नोंदणी त्यांच्या पदरात पडली नाही. नाव जगाचे झाले. १९८१ मध्ये स्पेशलाइज्ड कंपनीची ‘स्टंपजंपर’ जपानी कारखान्यातून आली आणि खटाऱ्याचा वारस दुकानात उभा राहिला.

चाक मात्र २६ इंचांचेच राहिले, कारण १९३३ चा तो टायर २६ इंचांचा होता. यामागे फारसे शास्त्र नव्हते; हाताशी जे होते ते रूढ झाले. १९९९ मध्ये मोठ्या चाकांसाठी, म्हणजे ज्यांना २९ इंची म्हणतात त्यांच्यासाठी, रुंद टायर उपलब्ध झाला आणि त्यानंतरच्या दोन दशकांत जुने माप नव्या सायकलींतून जवळजवळ हद्दपार झाले. परतणाऱ्याची माळ्यावरची सायकल म्हणून निकामी ठरत नाही.

बाकीच्या साधनांची कुळकथाही अशीच दुखण्यातून निघते. तीव्र उतारावर उंच सीट माणसाला पुढे फेकते, म्हणून ब्रीझ आणि जॉश अँजेल यांनी १९८४ मध्ये ‘हाइट-राइट’ ही स्प्रिंग विकायला काढली. आजच्या खाली-वर होणाऱ्या सीटची ती आजी. पॉल टर्नरच्या रॉकशॉक्स कंपनीचा हवा-तेलाचा फोर्क लावून ग्रेग हर्बोल्डने १९९० मध्ये ड्युरँगो येथे उताराच्या शर्यतीचे जागतिक विजेतेपद मिळवले, आणि मनगटांचे हाल कमी करणे हा चैनीचा विषय उरला नाही. टायरमध्ये हवा कमी ठेवली तर पकड वाढते, पण खडक आणि रिम यांच्यात ट्यूब चिमटून फुटते. १९९९ च्या ट्यूबविरहित टायरने हे भांडण मिटवले. पाण्याच्या पाठपिशवीचा उगम मात्र डोंगरात नाही. टेक्सासच्या रणरणत्या उन्हातल्या शंभर मैलांच्या फेरीत मायकेल आयडसन नावाच्या रुग्णवाहिका-सेवकाने सलाइनची पिशवी मोज्यात घालून पाठीवर शिवली. दोन्ही हात हँडलवर ठेवून पाणी पिता येते, हे डोंगरातल्यांनी तात्काळ हेरले.

एक दुखणे कोणत्याही सुट्या भागाने बरे झाले नाही. भरधाव सायकली पाहून पायी चालणारे आणि घोडेस्वार बिथरले. १९८० च्या दशकात मरीनमधल्या बहुतेक अरुंद पायवाटा सायकलींना बंद झाल्या, रुंद कच्च्या रस्त्यांवर ताशी १५ मैलांची मर्यादा आली. १९८८ मध्ये कॅलिफोर्नियातील सायकल मंडळांनी आंतरराष्ट्रीय संघटना स्थापून वाटेवरचे आचारनियम प्रसृत केले: पादचाऱ्याला आधी वाट द्यावी, ओल्या वाटेवर चाके घालून चर पाडू नयेत, येत असल्याची चाहूल द्यावी. यातल्या शेवटच्या नियमाला लागणारे साधन दुकानातले सर्वांत स्वस्त, म्हणजे घंटी.

फेअरफॅक्समध्ये २०१५ साली सायकलींचे संग्रहालय उघडले. रिपॅकचा उतार तिथून जवळच. त्या संग्रहाचा अभिरक्षक आहे जो ब्रीझ.