एका शहराचे कारभारी

शाळेच्या इतिहासात राजे येतात, लढाया येतात. नळ, गटार आणि चाळ मात्र क्वचितच येतात. मी पेशाने मास्तर आणि छंदाने कादंबरीकार. गिरणगावची माणसे कागदावर उतरवताना मला एक गोष्ट सतत जाणवत आली आहे. माणूस किती काम करील हे नुसत्या त्याच्या मनगटावर ठरत नाही. त्याचे शहर कोण आणि कसे चालवतो, यावरही ठरते. मुंबईचेच उदाहरण पाहा.

१८५८ साली या शहराचा कारभार तीन कमिशनरांकडे आला. जबाबदारी तिघांची, म्हणजे कोणाचीच नव्हे! १८६५ च्या कायद्याने सारी सूत्रे एकाच म्युनिसिपल कमिशनरच्या हाती दिली. आर्थर क्रॉफर्ड हा पहिला. माणूस मोठ्या झपाट्याचा. रस्ते, गटारे, सफाई त्याने धडाक्याने हाती घेतली. १८६९ मध्ये त्याच्या नावाची मंडई उभी राहिली. पण खर्चाला लगाम घालणारे कोणी नव्हते. कापसाची तेजी ओसरली, कर्ज वाढले आणि १८७१ मध्ये करदाते खवळून उठले.

अनेकांना वाटले, एकहाती सत्ता हाच दोष. तरुण फिरोजशहा मेहतांचे म्हणणे निराळे होते: काम करणारा हात एकच असू द्या, पण त्याला जाब विचारणारी सभा लोकांनी निवडलेली असू द्या. १८७२ च्या कायद्याने ६४ सभासदांची कॉर्पोरेशन आली. निम्मे सभासद करदात्यांनी निवडायचे. १८८८ च्या कायद्याने ही घडी पक्की बसवली. दुरुस्त्या होत होत तो कायदा आजही चालू आहे.

परंतु करदाते म्हणजे कोण? घरमालक, व्यापारी. खोलीत दहा-दहा जण कोंबून राहणाऱ्या मजुराला मत नव्हते. त्याच्या चाळीकडे कोण बघणार? १८९६ मध्ये प्लेग आला. लाखो लोक गावी पळाले, गिरण्यांना मजूर मिळेनात, आणि मालकांवर रोजच्या रोज रोख मजुरी मोजण्याची पाळी आली. १८९१ मध्ये वस्ती ८,२१,७६४ होती. १९०१ मध्ये ७,७६,००६ उरली. चाळीवर वाचवलेला पैसा मागावर असा वसूल झाला.

मग सरकारने १८९८ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट काढला. त्याने रुंद रस्ते पाडले, दादर-माटुंग्याच्या वसाहती आखल्या. पण ज्यांची घरे पाडली त्यांतले बरेचसे शेजारच्या चाळीत जाऊन गर्दी वाढवून बसले. एका शहराला दोन कारभारी झाले. १९३३ मध्ये ट्रस्ट म्युनिसिपालिटीत विलीन झाला.

पुढे १९५० आणि १९५७ मध्ये हद्द वाढून मुलुंड-दहिसरपर्यंत गेली. शहर मात्र हद्दीवर थांबले नाही. आज मुंबई महानगर प्रदेशात नऊ महानगरपालिका आहेत. १९७५ मध्ये त्यांच्यावर एक प्राधिकरण आले, पण त्यालाही मतदार थेट निवडून देत नाहीत. डोंबिवलीचा कारकून मुंबईच्या कचेरीत राबतो. कचेरीचा मालमत्ता कर मुंबईला जातो, त्याच्या नळाची आणि रस्त्याची काळजी मात्र कल्याण-डोंबिवलीने वाहायची. लोकलमध्ये लोंबकळून तो कामावर पोहोचतो तेव्हा त्याची निम्मी शक्ती खर्च झालेली असते. ती कोणत्याच पालिकेच्या अंदाजपत्रकात दिसत नाही.

मेहतांनी १८७१ मध्ये विचारलेला प्रश्न या कारकुनाच्या वतीने आपण पुन्हा विचारला पाहिजे: त्याच्या सबंध दिवसाचा जाब त्याने कोणाला विचारायचा?