राजाश्रय सरल्यानंतर : ओरत्तनाडु आणि तंजावरची कारागिरी

तंजावर परिसरात मुळे असलेली मराठी कुटुंबे आज चेन्नई, बंगळूरु, मुंबई येथपासून थेट अमेरिकेपर्यंत विखुरलेली आहेत. सुटीत ती गावी येतात, कुलदेवतेचे दर्शन घेतात, वडीलधाऱ्यांना भेटतात आणि परतण्यापूर्वी एक दिवस तंजावरच्या बाजारासाठी राखून ठेवतात. त्या दिवशी पाहावयाच्या वस्तू बहुधा ठरलेल्या असतात. सोन्याच्या वर्खाचे देवचित्र, चांदीच्या उठावकामाचे तबक, मान डोलावणारी बाहुली आणि कुंभकोणम किंवा तिरुभुवनम येथील रेशमी साडी. यांतील बहुतेक वस्तूंचा संबंध दुकानदार अभिमानाने मराठा राजांशी जोडतात. परंतु तो दरबार १८५५ मध्येच संपुष्टात आला. मग या वस्तू आजही दुकानात कशा काय दिसतात? आणि त्याच दरबाराचे सर्वांत मानाचे वस्त्र मात्र मागूनही सहसा का मिळत नाही? या दोन प्रश्नांच्या उत्तरांत तंजावरच्या मराठी इतिहासाचा एक महत्त्वाचा धडा दडलेला आहे.

शहाजीराजांचे पुत्र आणि शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी १६७६ च्या सुमारास तंजावरच्या गादीवर मराठा राज्याची स्थापना केली. हे राज्य सुमारे एकशे ऐंशी वर्षे टिकले. कावेरीच्या सुपीक खोऱ्यातील या राज्यात मराठी ही राजघराण्याची भाषा, तेलुगू व संस्कृत या विद्येच्या व संगीताच्या भाषा आणि तमिळ ही प्रजेची भाषा होती. चारही भाषांना दरबारात स्थान होते. १७९९ च्या तहाने दुसऱ्या सरफोजीराजांनी राज्यकारभार ईस्ट इंडिया कंपनीच्या हाती दिला. त्यांच्याकडे तंजावरचा किल्ला, वार्षिक नेमणूक आणि महसुलाचा एक हिस्सा एवढेच उरले. हातात तलवार नव्हती, कर बसविण्याचा अधिकारही नव्हता. तेव्हा या विद्याप्रेमी राजाने आपले सारे लक्ष ग्रंथ, शिक्षण, वैद्यक, कला आणि दानधर्म यांकडे वळविले.

ओरत्तनाडु हे गाव या दानधर्माचे स्मारक आहे. तंजावरहून पट्टुक्कोट्टैकडे जाणाऱ्या रस्त्यावर, रामेश्वरच्या यात्रेकरूंच्या वाटेवर सरफोजीराजांनी एकोणिसाव्या शतकाच्या अगदी आरंभी येथे एक विस्तीर्ण छत्रम् म्हणजे धर्मशाळा उभारली. आपली सहचरी मुक्तांबा हिच्या नावाने त्यांनी ती बांधली, म्हणून ती मुक्तांबाळ छत्रम् या नावाने ओळखली जाते आणि गावालाही मुक्तांबाळपुरम् असे नाव मिळाले. राजघराण्यातील स्त्रियांच्या नावे धर्मशाळा बांधण्याची तंजावरच्या मराठ्यांची रीतच होती. नीडामंगलम येथील यमुनांबाळ छत्रम् हे तिचे आणखी एक उदाहरण.

या धर्मशाळांचा कारभार कसा चाले, याचे वर्णन सरफोजीराजांनी १८०१ साली तंजावरचे रेसिडेंट बेंजामिन टॉरिन यांना लिहिलेल्या पत्रात केले आहे. धर्मशाळा कंपनीने आपल्याकडून काढून घेऊ नयेत, यासाठी लिहिलेले ते कळकळीचे पत्र होते. ब्राह्मणापासून अंत्यजापर्यंत येणाऱ्या प्रत्येक वाटसरूला तेथे अन्न मिळे. शिजविलेले अन्न न घेणाऱ्यांना कोरडा शिधा दिला जाई. मध्यरात्री घंटा वाजवून, कोणी उपाशी राहिले असल्यास त्याला जेवावयास बोलावीत. आजाऱ्यांसाठी वैद्य, लहान मुलांसाठी दूध, पोरक्या मुलांचा सांभाळ आणि विद्यार्थ्यांसाठी शिक्षक अशी सोय तेथे होती. राजाचा पैसा या ठिकाणी राजवाड्याबाहेर पडत होता आणि अनोळखी माणसाच्या उपयोगी येत होता.

शिक्षणाकडे सरफोजीराजांचे विशेष लक्ष होते. त्यांनी तंजावरला देवनागरी मुद्रणालय चालविले आणि तेथून १८०६ च्या सुमारास इसापच्या नीतिकथांचे ‘बालबोध मुक्तावली’ हे मराठी पुस्तक प्रसिद्ध झाले. महाराष्ट्रात मराठी शालेय पुस्तकांचे युग सुरू होण्यापूर्वीची ही गोष्ट आहे. ‘देवेंद्र कुरवंजी’ या त्यांच्या मराठी नाट्यकृतीत तर कुरवंजीच्या, म्हणजे भविष्य सांगणाऱ्या भटक्या स्त्रीच्या, तोंडून जगाचा भूगोल सांगितलेला आहे. करमणुकीच्या रूपाने नवे ज्ञान मायबोलीत आणण्याचा हा प्रयत्न शिक्षणप्रेमी वाचकाला आजही कौतुकास्पद वाटेल.

राजाश्रयाची ही झाली एक बाजू. दुसरी बाजू पाहावयाची, तर ओरत्तनाडुहून तंजावर शहरात, राजवाड्याभोवतीच्या दुकानांत यावे लागते.

तंजावरचे चित्र म्हणजे केवळ रंगकाम नव्हे. फणसाच्या लाकडाच्या फळीवर कापड चिकटवून त्यावर खडूची भुकटी व डिंक यांचा लेप देतात. दागिने, प्रभावळ, मखर यांचा भाग त्याच लेपाने उंच करून त्यावर काचेचे खडे बसवितात आणि सोन्याचा वर्ख चढवितात. लोणी खाणारा बाळकृष्ण आणि रामपट्टाभिषेक हे आवडते विषय. नायक राजांच्या काळात रुजलेली ही कला मराठ्यांच्या काळात बहराला आली. मात्र तिचा ग्राहक केवळ राजवाडा नव्हता. भजनमंदिरे, चेट्टियार सावकारांचे वाडे आणि सामान्य घरांतील देवघरे यांनाही ही चित्रे हवी होती. येथील चित्रकारांनी कंपनीच्या अधिकाऱ्यांसाठी निरनिराळ्या जाती व व्यवसाय दाखविणारे चित्रसंचही काढले. दरबार गेला तरी देवघर राहिले, म्हणून चित्रकारही राहिला.

तबकांचीही कथा अशीच आहे. पितळेच्या किंवा तांब्याच्या तबकाच्या मध्यभागी चांदीच्या पत्र्यातून ठोकून उठविलेली देवप्रतिमा बसवितात आणि कडेला वेलबुट्टी व इतर आकृत्या जडवितात. उठावाच्या पोकळीत मेणाचे मिश्रण भरलेले असते, त्यामुळे पत्रा दबत नाही. या कलेचा आरंभ सरफोजीराजांच्या प्रोत्साहनाने झाला, असे परंपरा सांगते. पुढे युरोपीय पाहुणे तिचे ग्राहक झाले आणि आज सत्कारसमारंभात भेट देण्यासाठी हीच तबके निवडली जातात. शेजारच्या भांड्यांच्या दुकानात मोठ्या पसरट भांड्याला ‘गंगाळम्’ म्हणतात. हा तमिळ शब्द आपल्या ‘घंगाळा’चेच रूप मानला जातो. भांड्याबरोबर त्याचे नावही दुसऱ्याच्या घरात नांदू लागले.

‘तलैयाट्टि बोम्मै’ म्हणजे मान हलविणारी बाहुली. तिची मान, कंबर, घागरा हे भाग वेगवेगळे बनवून एकमेकांवर टेकविलेले असतात, त्यामुळे वाऱ्याच्या झुळकेनेही ती डोलते. तिच्या जोडीला राजा-राणीच्या बाहुल्या असतात. त्यांचा तळ गोल व जड, तर वरचा भाग हलका असतो. म्हणून कितीही आडव्या पाडल्या तरी त्या पुन्हा उभ्या राहतात. नवरात्रात तमिळ घरांतून पायऱ्यांवर मांडल्या जाणाऱ्या बोम्मै-गोलूने या बाहुल्यांना दरवर्षीचे गिऱ्हाईक दिले आहे. २००८-०९ मध्ये या बाहुल्यांना भौगोलिक मानांकन मिळाले.

रेशमी वस्त्रांच्या पेढीवर मराठी माणसाला आणखी एक नवल आढळते. येथील विणकरांत सौराष्ट्र समाजाचे लोक मोठ्या संख्येने आहेत. पट्टनूलकर, म्हणजे रेशमी धाग्याचे लोक, असे त्यांचे जुने नाव. शेकडो वर्षांपूर्वी गुजरातकडून निघून विजयनगरमार्गे ते दक्षिणेत आले. बाजारात ते तमिळ बोलतात, परंतु घरातील त्यांची भाषा मराठी व गुजराती या दोहोंच्या नात्यातली आहे. काही शब्द कानावर पडताच मराठी गिऱ्हाईक थबकते. परमुलखात घरची भाषा जपणारी ही दोन कुटुंबे, एक विकणारी आणि दुसरी विकत घेणारी, एकमेकांशी मात्र तमिळमध्येच व्यवहार करतात.

तंजावरच्या कारागिरीचे महाराष्ट्राशी असलेले नाते फार जुने आहे. सज्जनगडावरील राममूर्ती तंजावरच्या एका अंध कारागिराने घडविल्या आणि १६८२ मध्ये समर्थ रामदासांच्या निर्वाणापूर्वी काही दिवस त्या गडावर पोहोचल्या, अशी रामदासी परंपरा आहे. पुढच्या काळात याच वाटेने एक असामान्य वस्त्र महाराष्ट्रात येऊ लागले. ते म्हणजे कोडाली करुप्पूरची साडी.

कोडाली करुप्पूर हे कुंभकोणमजवळ, कोळ्ळिडम नदीच्या परिसरातील गाव. येथील साडीत दोन कलांचा संगम होता. प्रथम विणकर तलम सुतात जरीचे नक्षीकाम जामदानी पद्धतीने विणीत. नंतर ते कापड रंगाऱ्याकडे जाई. तो मेणाने नक्षी झाकून, कलमाने रेषा काढून, ते तांबड्या-काळ्या रंगांत बुडवी. कोरोमंडल किनाऱ्यावर असा तांबडा रंग ‘चाय’ नावाच्या वनस्पतीच्या मुळ्यांपासून काढीत. रंगविल्यावर जरीचा झगमगाट मावळे आणि गडद तांबूस पार्श्वभूमीतून सोने मंदपणे झळके. सोने विणायचे आणि मग ते अर्धे झाकायचे, ही अभिरुची राजघराण्यालाच परवडणारी होती. ही साडी तंजावरच्या राजस्त्रियांसाठीच बनत असे आणि सातारा, कोल्हापूर, बडोदा येथील मराठा राजघराण्यांकडे मानाची भेट म्हणून जात असे.

२९ ऑक्टोबर १८५५ रोजी दुसरे शिवाजीराजे पुत्रसंतानावाचून निवर्तले आणि कंपनीने तंजावरची गादी खालसा केली. करुप्पूरच्या विणकराने एका दिवसात आपले कसब गमावले नाही. त्याने गमावले ते गिऱ्हाईक. दोन कारागिरांचे महिनोन्‌महिन्यांचे श्रम विकत घेणारे दुसरे घर नव्हते आणि बाजारात विलायती गिरणीचे स्वस्त कापड येत होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ही साडी जवळजवळ नाहीशी झाली. आज तिचे जुने नमुने लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयासारख्या ठिकाणी पाहावे लागतात. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिच्या पुनर्निर्मितीचे प्रयत्न झाले, तेव्हा कारागिरांना जुन्या तुकड्यांवरूनच तंत्र शोधून काढावे लागले.

मात्र याच परंपरेतील कलमाचे काम मेले नाही. देवळांना छत, तोरणे आणि रथाला लटकविण्याच्या नळकांडीसारख्या कापडी झुंबरांची गरज होती. ती चितारणारी काही घरे कुंभकोणम परिसरात टिकली आणि २०२१ मध्ये ‘करुप्पूर कलमकारी’ला भौगोलिक मानांकन मिळाले. एकाच परंपरेतील दोन वस्तूंपैकी जी फक्त राजवाड्यासाठी होती ती संग्रहालयात गेली, आणि जी देवळात, लोकांच्या डोळ्यांसमोर होती ती हातात राहिली.

हीच कसोटी तंजावरच्या मराठीलाही लागते. सरस्वती महाल ग्रंथालयात तीन हजारांहून अधिक मराठी हस्तलिखिते आणि मोडी कागदपत्रांची असंख्य दफ्तरे जतन झालेली आहेत. बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर १८०३ चा भोसले वंशाचा प्रदीर्घ मराठी शिलालेख आहे. परंतु दरबारानंतर तेथे मराठी शिकविणारी शाळा समाजाच्या हाती फारशी उरली नाही. मराठी घरात बोलली गेली, म्हणून ती सहा-सात पिढ्या टिकली. लिहिण्या-वाचण्याचा व्यवहार मात्र तमिळ आणि इंग्रजीत झाला. आज आजीशी मराठीत बोलणाऱ्या अनेक नातवंडांना पूर्वजांनी लिहिलेली ओळ वाचता येत नाही. स्वयंपाकघराने बोली राखली. लिपी राखण्यासाठी शाळा लागते, आणि ती तेथे नव्हती.

हीरक महोत्सवाच्या प्रसंगी मराठी शाळेच्या माजी विद्यार्थ्यांनी आणि पालकांनी तंजावरकडे पाहावे ते याच कारणासाठी. मराठी माध्यमाच्या शाळेला राजवाडा नसतो. तिला टिकविणारे गिऱ्हाईक म्हणजे दर जून महिन्यात आपल्या मुलाचे बोट धरून प्रवेशासाठी येणारा पालक. ज्या भाषेत इसापच्या गोष्टी छापल्या गेल्या, ती भाषा तंजावरात पुढे मुलांच्या पाटीवरून पुसली गेली. ग्रंथालय भरलेले राहिले आणि वर्ग रिकामे झाले. साठ वर्षे वर्ग भरलेले ठेवणे ही गोष्ट किती मोलाची आहे, ते सरस्वती महालातील न वाचलेली दफ्तरे सांगतात.