सत्तर-तीसचा हिशेब

कमी गुणांच्या मुलाचा नामवंत कॉलेजात नंबर लागला की ऐकणाऱ्याला आधी सवलत आठवते, मग त्याची लायकी. वऱ्हाडापुरते बोलायचे तर हा क्रम इतिहासाला धरून नाही. अमरावती-अकोल्याच्या मुलांची निवड अर्ज भरण्याच्या फार आधीच होऊन गेलेली असे, आणि ती गुणांवर होत नसे. अमरावतीत किंग एडवर्ड कॉलेज निघाले 1923 साली. तोवर पदवी घ्यायची तर नागपूर, पुणे नाही तर मुंबई गाठावी लागे. म्हणजे पहिली चाळणी घर सोडून राहण्याच्या खर्चाची. पापळच्या शेतकरी घरातले पंजाबराव देशमुख फर्ग्युसनला गेले, तिथून एडिंबरा आणि ऑक्सफर्डला, आणि वैदिक वाङ्मयातील धर्मावर प्रबंध लिहून डॉक्टरेट घेऊन आले. त्यांचे उदाहरण हुशार पोराला कोणी अडवू शकत नाही, अशा थाटात सांगितले जाते. पंजाबरावांनी स्वतः मात्र त्यातून वेगळाच निष्कर्ष काढला असावा, कारण परतल्यावर त्यांनी अमरावतीत छात्रालय आणि शिक्षणसंस्था उभी करण्याला हात घातला. राहण्या-जेवण्याची सोय झाल्याशिवाय खेड्यातल्या मुलाची बुद्धी परीक्षेपर्यंत पोचतच नाही, हे त्यांनी ओळखले होते.

स्वातंत्र्यानंतर ही चाळणी सर्वात कडक राहिली ती वैद्यकीय शिक्षणात. नागपूरला 1947 साली मेडिकल कॉलेज झाले. वऱ्हाडातले पहिले सरकारी मेडिकल कॉलेज यवतमाळला निघाले ते 1989 मध्ये, आणि अकोल्याचे त्यानंतर तेरा वर्षांनी, 2002 मध्ये. अमरावतीत 1984 पासून पंजाबरावांच्या नावाचे मेडिकल कॉलेज आहे, पण ते खासगी संस्थेचे. मधल्या काळात आश्वासनांना तोटा नव्हता. 1953 च्या नागपूर करारात तांत्रिक आणि व्यावसायिक शिक्षणाच्या पुरेशा सोयींची हमी होती. पुढे राज्यघटनेच्या कलम 371(2) मध्ये विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र यांच्यासाठी तशाच न्याय्य व्यवस्थेची तरतूद झाली. कॉलेज बांधायला पैसा लागतो. प्रवेशाचा नियम बदलायला एक कागद पुरतो. त्यामुळे आधी नियम आला, यात नवल नाही.

नियम असा, की ज्या विद्यापीठाच्या क्षेत्रात मुलगा शिकला त्याच क्षेत्रातल्या मेडिकल कॉलेजात त्याला प्रवेश. सर्वोच्च न्यायालयाने 1971 साली म्हैसूर राज्याच्या डी. एन. चंचला खटल्यात विद्यापीठवार वाटणी मान्य केली होती. महाराष्ट्राने मात्र दार जवळजवळ पूर्ण लावून घेतले होते. 1984 च्या प्रदीप जैन खटल्यात न्यायालयाने स्थानिकांसाठीच्या राखीव जागांना सत्तर टक्क्यांची कमाल मर्यादा घातली आणि 1986 मध्ये निदामर्ती महेशकुमार खटल्यात तीच मोजपट्टी महाराष्ट्राच्या नियमाला लावली. सत्तर-तीस म्हणून राज्यभर ओळखले गेलेले सूत्र या काळातले. पुढे त्याचे विभाग झाले तीन, विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र. बारावी ज्या विभागातून, त्या विभागातल्या सत्तर टक्के जागांवर तुमचा हक्क; उरलेल्या तीस टक्के राज्यभर खुल्या.

यावर नेहमीचा आक्षेप असा, की डॉक्टरकीत कमी गुणांचा माणूस घेणे म्हणजे रोग्याच्या जिवाशी खेळ. वजनदार वाटणारा हा आक्षेप नीट पाहिला तर टिकत नाही. प्रवेशाचे गुण कोणाला जागा द्यायची एवढेच ठरवतात. डॉक्टर कोण होणार हे विद्यापीठाच्या परीक्षा ठरवतात, आणि त्या प्रत्येक विभागातून आलेल्याला सारख्याच असतात. शिवाय हा आक्षेप घेणाऱ्यांचा आवाज डोनेशनच्या बाबतीत जरा खाली येई. खासगी कॉलेजांचे पेव फुटल्यावर पैशाने जागा मिळवण्याचा रस्ता इतका रुळला, की 1987 साली सरकारला कॅपिटेशन फीविरुद्ध कायदा करावा लागला. कमी गुण आणि बापाचा पैसा हे चालले, पण कमी गुण आणि मागास तालुका हे चालेना.

मराठवाड्याचा आक्षेप मात्र खरा आहे आणि त्याला पळवाट नाही. तिथे कॉलेजे थोडी, चढाओढ मोठी. त्यामुळे विदर्भातल्या मुलापेक्षा जास्त गुण मिळवूनही तिथले मूल बाहेर राही. मागास भागासाठी केलेला नियम दुसऱ्या मागास भागाच्या मुळावर आला. 8 सप्टेंबर 2020 रोजी वैद्यकीय शिक्षणमंत्री अमित देशमुख यांनी सत्तर-तीस रद्द झाल्याची घोषणा केली. ते मराठवाड्यातल्या लातूरचे आमदार, हेही नोंदवून ठेवायला हवे. पण या दोषाचे मूळ स्थानिकांना झुकते माप देण्यात नव्हते. ते विभागाच्या आकारात होते. विदर्भ एकच धरला की नागपूरच्या धरमपेठेतला मुलगा आणि मेळघाटातल्या धारणीचा मुलगा एकाच रांगेत येतात, आणि त्या रांगेत पुढे कोण असणार हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. वऱ्हाडाचा अनुशेष विदर्भाच्या सरासरीत बुडून गेला. अमेरिकेतल्या टेक्सास राज्याने 1997 साली दुसरी वाट धरली: राज्यातल्या कोणत्याही शाळेत वरच्या दहा टक्क्यांत आलेल्या मुलाला सरकारी विद्यापीठात प्रवेश. तुलना सोबत्यांशी, कारण शाळा, शिक्षक आणि परिस्थिती त्यांच्याशीच समान. आपण विभाग लहान करायचे सोडून कल्पनाच मोडीत काढली.

आता कोणी म्हणेल, हे सगळे बोर्डाच्या गुणांच्या काळात ठीक होते. ‘नीट’ ही वैद्यकीय प्रवेश परीक्षा आल्यावर देशभर पेपर एकच, मग गाऱ्हाणे कसले? पेपर एक झाला, तयारी एक झाली नाही. पश्चिम विदर्भातली मुले क्लाससाठी अकोल्याला खोल्या करून राहतात. शंभर वर्षांपूर्वीचा घर सोडण्याचा खर्च पदवीवरून उतरून अकरावीवर आला, एवढाच फरक. नीटने आणखी एक गोष्ट संपवली. शेजारच्या वर्धा जिल्ह्यात सेवाग्रामच्या मेडिकल कॉलेजच्या स्वतंत्र प्रवेश परीक्षेत गांधीविचारावर एक पेपर असे. पाठांतर करून तोही मारून नेता येई, हे खरे. तरी आपल्याला कसा विद्यार्थी हवा, हे कॉलेजाने स्वतः ठरवल्याचा तो दुर्मीळ नमुना होता.

2024 मध्ये अमरावती, बुलढाणा आणि वाशिमला प्रत्येकी शंभर जागांची सरकारी मेडिकल कॉलेजे मंजूर झाली. यवतमाळ आणि अकोला धरून वऱ्हाडाच्या पाचही जिल्ह्यांत आता सरकारी कॉलेज आहे. नियम होता तेव्हा पुरेशी कॉलेजे नव्हती, कॉलेजे आली तोवर नियम गेला. अखिल भारतीय कोट्याचे पंधरा टक्के वगळले तर उरलेल्या जागा राज्याच्या सामाईक गुणवत्ता यादीतून भरतात. त्यात धारणीचा, मेहकरचा, वाशिमकडच्या मालेगावचा मुलगा किती वेळा येतो, हे सरकारने दरवर्षी तालुकावार जाहीर करावे. आकडे समोर आले की सत्तर-तीस रद्द करून वऱ्हाडाने काय गमावले, यावर अंदाजाने भांडायची गरज उरणार नाही. आणि काहीच गमावले नाही असे निघाले, तर ही बाजू मांडणाऱ्यांना गप्प बसावे लागेल.