एक दात, तीन नुक्ते

आजोबांच्या ट्रंकेत जमिनीचा उर्दू कागद सापडला. परभणी १९४८ पर्यंत निजामाकडे, १८८४ पासून कारभार उर्दूत. घरात वाचणारं कुणीच नाही! म्हटलं, आपणच शिकू.

चिनी शिकणारे पाण्याचे तीन थेंब ओळखून नदी, तळं, समुद्र सगळं उचलतात म्हणे. उर्दूत बे, पे, ते ही एकच होडी. खाली एक नुक्ता ब, तीन प, वर दोन त. शब्दात होडीचा नुसता दात उरतो. 'परभणी'त प, ब, न तिन्ही दातच. आणि आमच्या कारकुनाने घाईत नुक्तेच गाळलेत!

२०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधताना असलेच कागद चाळले गेले. तिथे एका ठिपक्यावर दाखला अडू शकतो. मला गावाचं नाव लागलंय. पणजोबांचं अजून नाही.