नित्यनूतन भुयारे, चिरंजीव पात्रे

संगणकाच्या पडद्यावरील ज्या खेळांत भूमीचा नकाशा कोणी आगाऊ आखून ठेवलेला नसतो, गणिताच्या काही नियमांनी तो त्या त्या वेळी सिद्ध होतो, आणि ज्यांत खेळणाऱ्याच्या पात्राला वाढीची अखेरची हद्द अशी फारशी घालून दिलेली नसते, अशा खेळांचा अंमल आज जगभर पसरलेला आहे. परस्परांचे तोंडही न पाहिलेली माणसे एकाच भुयारात उतरतात, खांद्याला खांदा लावून लढतात, लूट वाटून घेतात, आणि दुसऱ्या दिवशी त्याच पात्रासह, परंतु सर्वस्वी निराळ्या भुयारात, पुन्हा एकत्र येतात. नित्य नवे जग आणि अखंड वाढणारे पात्र हे दोन गुण आता इतके एकजीव झाले आहेत, की ते एकाच वेळी जन्मास आले असावेत असा कोणाचाही समज व्हावा. वस्तुतः पहिला गुण एका घराण्याची मिरास आहे आणि दुसरा दुसऱ्या घराण्याची. पुष्कळ काळ ही घराणी एकमेकांपासून अलिप्त राहिली, आणि जेव्हा त्यांचा संबंध आला तेव्हा त्यांच्यातील एक मूलगामी विरोध उघडकीस येऊन त्याचा निवाडा करण्यात पुढील पिढीची बरीच बुद्धी खर्ची पडली. या खेळांच्या इतिहासात यंत्रांचा वाढता वेग आणि चित्रांची वाढती शोभा यांचीच वर्णने फार होतात. मला मात्र त्या निवाड्याची हकीकतच अधिक मोलाची वाटते.

दोन्ही घराण्यांचा मूळपुरुष कागदावरचा आहे. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात लेक जिनीव्हा या लहानशा गावी राहणारा गॅरी गायगॅक्स आणि शेजारच्या मिनेसोटातील डेव्ह आर्नेसन या दोघांनी 1974 साली ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या नावाने नियमांच्या तीन पुस्तिका एका पेटीत घालून प्रसिद्ध केल्या; पहिली आवृत्ती अवघ्या एक हजार प्रतींची होती. तोवरच्या युद्धखेळांत खेळणारा सेनापती असे आणि पटावर पलटणी हलवी. येथे त्याच्या वाट्याला एकच वीर आला, आणि तो वीर एका बैठकीतून दुसऱ्या बैठकीत आपले अनुभवांक, आपली शस्त्रे आणि आपल्या जखमा घेऊन जाऊ लागला. अनुभवांक साचले की पायरी चढावी, पायरी चढली की बळ वाढावे, हा हिशेब तेथूनच रूढ झाला, आणि आजतागायत त्या दप्तराची मांडणी फारशी बदललेली नाही.

परंतु त्याच पेटीच्या परिवारात दुसरे एक बीजही होते. या खेळाला मध्यस्थ लागे. भुयाराचा नकाशा तो आधी काढून ठेवी आणि खेळणाऱ्यांना दर पावलागणिक पुढे काय दिसते ते सांगे. ज्याला मध्यस्थ मिळत नाही त्याने काय करावे, या प्रश्नाला गायगॅक्सने 1975 च्या वसंत ऋतूत ‘द स्ट्रॅटेजिक रिव्ह्यू’ या आपल्या नियतकालिकाच्या पहिल्याच अंकात उत्तर दिले. त्याने कोष्टके छापली: फासा टाकावा, आकडा पाहावा, आणि बोळ डावीकडे वळतो की सरळ जातो, दालन किती लांबरुंद आहे, त्यात राक्षस आहे की रिकामी पेटी, हे त्या आकड्यावरून ठरवावे. चार वर्षांनी निघालेल्या त्याच्या मोठ्या ग्रंथात ही कोष्टके परिशिष्टरूपाने विस्ताराने आली. नियमांकडून जग घडवून घेण्याची ही कल्पना एकाकी खेळणाऱ्याच्या सोयीसाठी निघाली होती, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे, कारण पुढे जो पेच उत्पन्न झाला त्याचे मूळ या एकाकीपणातच आहे.

कागदावरून यंत्रावर जाण्यास या खेळाला फार काळ लागला नाही. इलिनॉय विद्यापीठात ‘प्लेटो’ नावाची एक शैक्षणिक संगणकव्यवस्था होती. तिचे पडदे त्या काळच्या मानाने अतिशय प्रगत होते आणि तिच्यावर शेकडो विद्यार्थी एकाच वेळी काम करीत. 1975 साली तेथे ‘पेडिट 5’ नावाचा एक खेळ झाला. नाव असे रूक्ष, कारण पाठांसाठी राखून ठेवलेल्या जागेत तो लपविलेला होता, आणि व्यवस्थापकांच्या नजरेस पडताच तो पुसून टाकला जाई. त्यात अनुभवांक होते, राक्षस अवचित समोर येत, परंतु भुयाराचा नकाशा एकदा आखलेला तो आखलेलाच राही.

नकाशाही यंत्रानेच काढावा, हा धडा पूर्णत्वास नेला तो कॅलिफोर्नियातील दोन विद्यार्थ्यांनी. सांताक्रूझच्या विद्यापीठात मायकेल टॉय आणि ग्लेन विचमन हे ‘अ‍ॅडव्हेंचर’ या शब्दमय गुहाखेळाचे भक्त होते; परंतु त्या खेळाची कोडी एकदा सुटली की पुन्हा त्या गुहेत उतरण्यात स्वारस्य उरत नसे, आणि स्वतः असा खेळ रचावा तर रचणाऱ्याला तो पहिल्या दिवसापासूनच शिळा. रचनाकारालाही आपल्याच रचनेत विस्मय वाटावा, ही त्यांची आकांक्षा होती. मला ही आकांक्षा फार थोर वाटते. वाचकाला चकित करू पाहणारे लेखक पुष्कळ असतात, परंतु आपल्या कृतीपुढे आपणही अज्ञ प्रवासी म्हणून उभे राहावे, अशी इच्छा धरणारे विरळा. 1980 च्या सुमारास त्यांचा ‘रोग’ हा खेळ आकारास आला. पडद्यावर कोठेही अक्षर उमटविण्याची सोय बर्कलीच्या केन आर्नल्डने लिहिलेल्या ‘कर्सेस’ या साधनामुळे झाली होती. टॉय पुढे बर्कलीस गेला आणि आर्नल्ड स्वतःच या उद्योगात सामील झाला. पडद्याचे तीन आडवे आणि तीन उभे असे नऊ भाग पाडावेत, त्यांत कमीजास्त आकाराची दालने मांडावीत, आणि ती बोळांनी जोडावीत, एवढाच मूळ बंदोबस्त होता. राक्षस म्हणजे ए पासून झेडपर्यंतची सव्वीस रोमन अक्षरे, खेळणारा म्हणजे आज ई-मेलच्या पत्त्यात दिसणारे ‘अ‍ॅट’ चे चिन्ह, आणि ध्येय म्हणजे सव्विसाव्या मजल्यापासून पुढे सापडणारा येंडरचा ताईत. यापलीकडे चित्र असे काहीच नव्हते, आणि तरीही त्या अक्षरांच्या रांगांत रात्री उलटून गेल्या.

‘रोग’ ची खरी कठोरता मृत्यूविषयी होती. खेळ अर्धवट ठेवून उठता येई, परंतु जपून ठेवलेली नोंद पुन्हा उघडताक्षणीच नाहीशी होई, म्हणजे मेल्यावर मागे फिरण्याची वाट बंद. इतकेच काय, औषधांचे रंग आणि मंत्रपत्रांची शीर्षके प्रत्येक खेपेस नव्याने पिसली जात. काल निळे औषध संजीवनी ठरले म्हणून आज ते विष ठरणार नाही, याची कसलीही हमी नसे. म्हणून जे काही वाढत असे ते खेळणाऱ्याच्या चित्तात वाढे. पात्राच्या पायऱ्या, त्याचे चिलखत, त्याची तलवार ही सारी संपत्ती एका चुकीसरशी बरखास्त होई, आणि मागे उरे तो फक्त विवेक: केव्हा लढावे, केव्हा पळावे, भुकेचा हिशेब कसा ठेवावा. 1983 च्या बर्कली युनिक्सबरोबर (आवृत्ती 4.2) हा खेळ विद्यापीठाविद्यापीठांत पोहोचला, आणि त्याच्या वंशाचा विस्तार सुरू झाला. मॅसॅच्युसेट्समधील एका शाळकरी मुलाने आरंभिलेला ‘हॅक’, अँस्टरडॅमच्या आंद्रिस ब्राउवरने त्यावर चढविलेले संस्कार, आणि 1987 साली त्यातून निघालेला ‘नेटहॅक’ ही त्यातील थोरली शाखा.

धाकट्या शाखेचे महत्त्व मात्र आपल्या विषयाच्या दृष्टीने अधिक. ओक्लाहोमा विद्यापीठात रॉबर्ट कोनेके यास ‘रोग’ चा लळा लागला होता, परंतु ज्या व्हॅक्स यंत्रावर त्याला काम करावयाचे होते त्यावर तो खेळ उपलब्ध नव्हता. म्हणून त्याने 1983 च्या सुमारास ‘मोरिया’ हा स्वतःचा खेळ लिहिला. यात भुयाराच्या मुखाशी एक गाव होते, गावात दुकाने होती, आणि मजला सोडून वर वा खाली जाताच तो मजला कायमचा मोडून पुढील खेपेस नवा घडे. 1990 मध्ये इंग्लंडच्या वॉरिक विद्यापीठात यातूनच ‘अँगबँड’ निघाला. त्याचे भुयार शंभर मजल्यांचे. वरवर क्षुल्लक दिसणाऱ्या या फेरफाराने पारडे पालटले. ‘रोग’ मध्ये खाली जाण्यावाचून गत्यंतर नव्हते, कारण अन्न तुटपुंजे. येथे मात्र सावध मनुष्याने वरच्या मजल्यांवर हवा तितका काळ काढावा, गावात येऊन शिधा भरावा, आणि आपला वीर संथपणे पोसावा. नवे जग आणि दीर्घायुषी पात्र यांची पहिली गाठ येथे पडली.

दुसऱ्या घराण्याचे मूळ वतन इंग्लंडातील कोल्चेस्टर. तेथील एसेक्स विद्यापीठात 1978 च्या शरद ऋतूत रॉय ट्रबशॉ याने डेक कंपनीच्या पीडीपी-10 यंत्रावर ‘मड’ हा खेळ लिहावयास घेतला आणि पुढे रिचर्ड बार्टल याने तो हाती घेऊन पुरा केला. शब्दांत वर्णिलेल्या या प्रदेशात अनेक माणसे एकाच वेळी वावरत. रात्री यंत्र मोकळे असताना टेलिफोनच्या तारेवरून बाहेरच्यांनाही प्रवेश मिळे. खजिना शोधून दलदलीत टाकावा की गुण मिळत, आणि गुण साचत साचत मनुष्य ‘विझर्ड’ च्या पदास पोहोचला म्हणजे तो मृत्यूच्या कायद्यातून मुक्त होऊन त्या राज्याच्या कारभारात सहभागी होई. प्रदेश मात्र हाताने रचलेला आणि ठराविक. वेळोवेळी तो मूळपदावर आणून खजिने पूर्ववत ठेवले जात, परंतु अमुक वाट अमुक झाडापाशी जाते ही गोष्ट सर्वांना सारखीच ठाऊक असे. आणि ते अपरिहार्यच होते. दहा माणसांना एकमेकांना भेटावयाचे, वाट सांगावयाची, तर पायाखालची भूमी कोणी क्षणोक्षणी बदलून चालत नाही. समाजाला सामायिक स्थळ लागते.

विरोध तो हाच. जेथे जग नवे होत राहते तेथे एकट्यानेच हिंडावे लागते, आणि जेथे पुष्कळांनी नांदावयाचे तेथे जग जुनेच ठेवावे लागते. आणि जुन्या जगात माणसाला गुंतवून ठेवण्याचे ओझे मग पात्राच्या वाढीवर येऊन पडते. 1997 च्या सप्टेंबरात निघालेल्या रिचर्ड गॅरियटच्या ‘अल्टिमा ऑनलाइन’ ने हे ओझे प्रामाणिकपणे उचलले. तेथे पायऱ्या नव्हत्या. जे काम करावे त्याचे कौशल्य वाढावे, या तत्त्वावर सुतार सुतारकामाने आणि वैद्य वैद्यकाने वाढे. एकेका कौशल्याची सीमा शंभर आणि साऱ्यांची बेरीज सातशे, एवढेच बंधन. या पद्धतीचा पूर्वज 1978 चा ‘रूनक्वेस्ट’ हा कागदी खेळ होता. जगालाही जिवंत ठेवावे म्हणून रचनाकारांनी तेथे हरणे आणि त्यांना खाणारे लांडगे यांचे अन्नचक्र बसविले होते, परंतु खेळणाऱ्यांच्या झुंडींनी सारी जनावरे इतक्या त्वरेने मारली की ती तजवीज सोडून द्यावी लागली. जग वाढविण्याचा प्रयत्न फसला आणि वाढ माणसाकडेच राहिली.

त्याच्या काही महिनेच आधी, 1996 च्या अगदी अखेरीस, दुसऱ्या बाजूने एक उत्तर आले होते. ‘मोरिया’ आणि ‘अँगबँड’ यांच्यावर पोसलेल्या डेव्हिड ब्रेव्हिकने ‘डियाब्लो’ मध्ये ते भुयार चित्रमय आणि वेगवान केले. आणि ब्लिझर्ड कंपनीच्या ‘बॅटल डॉट नेट’ वरून चार माणसांनी एका भुयारात उतरावे, खेळ संपताच भुयार मोडावे, आणि पात्रे आपापली कमाई घेऊन परतावीत, अशी व्यवस्था लावली. समाज मोठा ठेवण्याचा आग्रह सोडून चार जणांच्या मेळ्यावर संतोष मानला, म्हणून पेच सुटला. मात्र पात्रांचे दप्तर खेळणाऱ्यांच्याच संगणकात असल्याने त्यात वाटेल ती खाडाखोड होऊ लागली, आणि 2000 साली ‘डियाब्लो 2’ काढताना ते दप्तर कंपनीच्या सर्व्हरवर नेण्याचा पर्याय आणावा लागला. 2001 च्या ‘अ‍ॅनार्की ऑनलाइन’ ने यापुढचे पाऊल टाकले: शहर सर्वांचे एक, परंतु कामगिरी पत्करणाऱ्या प्रत्येक टोळीला नियमांनी घडविलेली स्वतंत्र इमारत. आज बहुतेक मोठे ऑनलाइन खेळ सामायिक नगर आणि खासगी भुयार या वाटणीवर चालतात.

एका तिसऱ्या वाटेचाही उल्लेख केला पाहिजे, कारण ती दारिद्र्यातून निघाली. 1984 साली केंब्रिजच्या डेव्हिड ब्रेबन आणि इयन बेल यांनी ‘एलीट’ हा अंतराळव्यापाराचा खेळ 32 किलोबाइट स्मृतीच्या बीबीसी मायक्रोवर बसविला. तेवढ्या जागेत ताऱ्यांची यादी मावणे अशक्य, म्हणून एका बीजसंख्येवरून फिबोनाची श्रेणीसारख्या गणनेने आठ आकाशगंगा आणि प्रत्येकीत 256 तारे काढले. बीज तेच तर तारेही तेच: म्हणजे जग कोठेही साठविलेले नसून सर्वांना समान. 2016 च्या ‘नो मॅन्स स्काय’ ने हेच सूत्र दोनाच्या चौसष्टाव्या घातापर्यंत, म्हणजे अठरा या अंकापुढे अठरा शून्ये द्यावीत त्याहूनही अधिक ग्रहांपर्यंत नेले. समाजाला सामायिक भूमी आणि प्रवाशाला अपूर्व भूमी या दोन्ही मागण्या येथे एकदम पुऱ्या होतात. मात्र एवढ्या विस्तारात माणसाला माणूस भेटणेच दुर्मीळ, ही त्याची किंमत.

दोन्ही घराण्यांचा वारसा सर्वांत समतोलपणे सांभाळलेला मला दिसतो तो न्यूझीलंडमधील ऑकलंडच्या एका मंडळीने 2013 साली प्रसिद्ध केलेल्या ‘पाथ ऑफ एक्झाइल’ मध्ये. तेथील मुलूख प्रत्येक प्रवेशागणिक नव्याने मांडला जातो. आणि पात्राच्या वाढीसाठी हजाराहून अधिक बिंदूंचे एकच विशाल जाळे सर्व जातींच्या वीरांपुढे पसरलेले असते, आरंभाची जागा तेवढी प्रत्येकाची निराळी, त्यामुळे जादूगाराने तलवारीचा मार्ग धरला तरी त्याला कोणी अडवीत नाही. परंतु अमर्याद वाढीने जुने खेळणारे इतके तालेवार होतात की नवागताला त्यांच्या बाजारात उभे राहणे कठीण, म्हणून दर काही महिन्यांनी तेथे नवा ‘लीग’ उघडतो आणि त्यात थोरामोठ्यांनाही रिकाम्या हातांनी पहिल्या किनाऱ्यापासून प्रारंभ करावा लागतो. याखेरीज ज्यांना ‘रोग’ ची कठोर शिस्त हवी असते त्यांच्यासाठी ‘हार्डकोर’ चे निराळे खाते आहे. तेथे एकदा मेलेले पात्र त्या खात्यात परतत नाही. मात्र ते पुसून न टाकता सामान्य खात्यात वर्ग केले जाते आणि तेथे त्याची वाढ पूर्ववत चालू राहते.